अढाऊंच्या घरचा हवा-पाण्याचा तंटा

बुधवारी दुपारी सव्वा वाजता आकांक्षाचा कॉम्प्युटर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला, आणि खुशालराव अढाऊ हातातली पक्कड न ठेवताच कूलर बनवायच्या शेडमधून मागच्या खोलीत आले. कोणाला तरी झापायचं होतं. पण खोलीत लेकीशिवाय कोणी नव्हतं आणि लेकीला झापायची त्यांना सवय नव्हती. म्हणून ते टेबलाखालच्या डब्याकडे पाहून ओरडले, "काहून रे बापा, जेवाची सुट्टी झाली काय तुही?"

"बाबा, तापून राहिला तो," आकांक्षा कपाळाला हात लावून म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सगळं."

आकांक्षाचं काम खुशालरावांना पूर्ण कळलं होतं असं नाही, पण ते लोकांना अभिमानानं सांगत, "माही पोरगी नसलेल्या घरात माणसाले फिरवून आणते." पुण्यातली कंपनी इमारतींचे नकाशे पाठवायची आणि ही अमरावतीत बसून त्यांच्या फिल्मा बनवायची. शेवटी कॉम्प्युटरला ती फिल्म तीस तास एकसारखी घोटावी लागे. मध्ये बंद पडला की आधीचं सगळं पाण्यात. हिवाळ्यात हे बिनबोभाट चालत होतं. मे महिना लागला आणि दुपार झाली की हा डबा मान टाकू लागला.

तेवढ्यात पुण्याच्या त्या कंपनीतून मोनाली मॅडमचा फोन आला. आकांक्षानं तो समोर ठेवून आवाज मोठा केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, सोमवारी सकाळी फिल्म मिळायलाच हवी. तिथल्या उन्हाळ्यात मशीन चालत नसेल तर एक तारखेपासून सरळ पुण्याला ऑफिसला ये. इथे एसी आहे."

खुशालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोन उचलला. "मॅडम, मी आकांक्षाचा बाप बोलून राहिलो. माही पोरगी कुठीच येत नाही. मशीनचं मी पायतो. माणसाले घरातून उचलून न्याची हे कोणती रीत झाली?"

रागावण्याचं खरं कारण ते मॅडमला सांगणार नव्हते. एकुलती एक पोर. सहा वर्षं होस्टेलात काढून गेल्या वर्षी घरी आली होती. तेव्हापासून घरात कोणीतरी हसत होतं, चहा चारदा होत होता आणि बायको मैनाबाई रात्री जेवताना बोलत होत्या. ते सगळं एका बंद पडणाऱ्या डब्यापायी पुण्याला जाणार, हे खुशालरावांना अजिबात मंजूर नव्हतं.

संध्याकाळी देवानंद आला. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. शांत माणूस, आणि त्या घरात शांत राहणं हेच मोठं कौशल्य होतं. त्यानं डब्याची बाजू उघडली, स्क्रीनवर कसलासा आकडा काढला आणि शीळ घातली. "काका, प्रोसेसर ब्याण्णव डिग्रीवर जाते. मदरबोर्ड भाजून निघीन अशानं. दोन रस्ते हायेत. एक हवेचा, एक पाण्याचा."

"म्हंजे?"

"हवेचा म्हंजे प्रोसेसरच्या डोक्यावर पत्र्याची मोठी उतरंड बसवाची अन् तिले पंखे लावाचे. पाण्याचा म्हंजे नळ्या. पाणी गरमी घेऊन जाते, जाळीत येऊन थंड होते, पुन्हा जाते. दोन्ही चालते. तुमी सांगा कोणता."

"पाणी," खुशालराव म्हणाले. "याच्यात विचाराचं काय?"

हा निर्णय त्यांनी एकतीस वर्षांपूर्वीच घेतलेला होता. एकतीस वर्षं ते टिनाचे कूलर बनवत होते. हवेबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. वऱ्हाडातली मे महिन्यातली हवा म्हणजे चुलीतून निघालेली झळ. पंखा ती नुसती इकडून तिकडे नेतो. थंड करतं ते पाणी. गवताच्या ताटीवरून झिरपतं, टपकतं, वास येतो, तेव्हा कुठे माणूस माणसात येतो. या मताला त्यांच्या घरात कोणी आव्हान दिलं नव्हतं. पण मैनाबाईंनी काळजीपोटी अकोल्याला भावाला फोन केला, आणि तिथेच घोळ झाला.

पंजाबराव गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले ते काखेत भलं मोठं खोकं घेऊनच. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा मेहुणा आता सगळं विज्ञान मोबाइलवर पाहून शिकत होता. त्यांनी चपला काढायच्या आधी निकाल दिला, "भाऊजी, हवा. पाण्याचं नाव काढू नका. विजेजवळ पाणी नेऊ नये हे सातवीतल्या पोराले समजते."

"अन् माहे कूलर काय रॉकेलवर चालते?" खुशालराव उसळले. "एकतीस वर्षांपासून पाण्यात मोटर बुडवून राहिलो मी!"

"कूलर वेगळा. हे इलेक्ट्रॉनिक हाये. अन् गर्मीचं तुमी आमाले सांगता? अकोल्यात काल सेहेचाळीस व्हतं. तुमची अमरावती म्हंजे आमच्यासाठी थंड हवेचं ठिकाण!"

"मामा, याच्यात ब्याण्णव हाये," आकांक्षानं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

पंजाबरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आकडा पाहिला. अकोल्याच्या दुप्पट तापमान एका डब्यात, तेही अमरावतीच्या, हा अपमान गिळणं जड होतं. "मीटर खराब दिसते," ते म्हणाले आणि खोकं उघडायला बसले.

देवानंदनं त्या खोक्यातली उतरंड बसवली. दोन पंख्यांची, वीतभर उंच. इतकी उंच की डब्याचं झाकण लागेना. पंजाबराव म्हणाले, उघडाच राहू द्या, हवा खेळेल. साडेबारापासून खुशालराव स्टूल घेऊन समोर बसले. आकडा खरंच खाली आला, सत्तरवर थांबला. पंजाबराव मिशीवरून हात फिरवू लागले. एक वाजला. सव्वा वाजला. पंखे गुरगुरले, आणि डबा ठप्प झाला.

"घ्या तुमची हवा!" खुशालराव स्टुलावरून उठून ओरडले. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर टाळी वाजवावीशी वाटली. मग लेकीचा चेहरा दिसला. सोमवारला एक दिवस कमी झाला होता. खुशालराव ओशाळून बाहेर गेले आणि अंगणातली बादली उगाच या नळाखालून त्या नळाखाली ठेवली.

शुक्रवारी पाण्याची पाळी आली. देवानंदनं दोन काळ्या नळ्या, एक जाळी आणि हातात मावेल असा पंप काढला. बाजूला खुशालराव पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभे. पाणी गाळलेलं होतं, वर तुळशीचं पान नव्हतं एवढंच.

"झाकण कुठी हाये याचं?" त्यांनी विचारलं.

"कायचं झाकण?"

"पाणी टाकाचं."

"काका, पाणी टाका लागत नाही. आतच हाये. कंपनीतून बंद करूनच येते."

"बंद? अन् संपलं मंग?"

"संपत नाही. पाच वर्षं चालते."

खुशालरावांनी तांब्या खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्यांना कोणी इतकं उघड फसवलं नव्हतं. पाच वर्षं! इथे सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारी चारला खडखडते, आणि हा म्हणतो पाच वर्षं तेच पाणी! जे पाणी उडत नाही, टपकत नाही, ज्याचा वाससुद्धा येत नाही, ते थंड कशाला करेल? "देवानंद," ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "तू मले ओळखतो नं? तुह्या बापाच्या घरचा कूलर कोणं बनवला?"

"तुमीच, काका."

"मंग मले काहून सांगतो हे?"

पंजाबराव दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "भाऊजींचं पाणी कोंडलं गेलं," ते म्हणाले, आणि सव्वा वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहत बसले. एक वाजून वीस मिनिटांनी डबा बंद पडला तेव्हा त्यांनी फक्त घसा साफ केला. तो आवाज खुशालरावांना शिवीपेक्षा लागला.

आता हवा हरली होती आणि पाणीही हरलं होतं. पण खुशालरावांच्या मते हरलं होतं ते कोंडलेलं पाणी. खऱ्या पाण्याला अजून कोणी संधीच दिली नव्हती. संध्याकाळी आकांक्षा मैत्रिणीकडे जाऊन तिचा लॅपटॉप मागून पाहत होती, तेवढ्यात त्यांनी शेडमध्ये वीतभर लांबीची तारेची जाळी कापली, तिच्यात कूलरचं नवं गवत दाबून भरलं आणि सुबक ताटी तयार केली. घरचाच एखादा छोटा कूलर असावा अशी ती दिसत होती. ती ओली करून, पाणी नीट निथळू देऊन, त्यांनी कॉम्प्युटरच्या तोंडाशी सुतळीनं बांधली. मग कॉम्प्युटर चालू केला आणि हात लावून पाहिला. गार हवा आत जात होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

पाचव्या मिनिटाला आतून खर्रर्र असा आवाज आला.

शनिवारी सकाळी देवानंद चिमटा घेऊन मदरबोर्डवरचं गवत वेचत बसला होता. पंख्यांनी ताटीतली एकेक काडी ओढून आत नेली होती. आकांक्षा निघालेल्या काड्या कागदावर गोळा करत होती. मैनाबाईंचा पट्टा सुरू होता. "जनमभर लोकायच्या घरात गवत भरलं, आता पोरीच्या पोटावर भरा! सोमवारी काय दाखवन ते त्या मॅडमले? तुमच्या काड्या?"

"मी चांगल्यासाठीच केलं," खुशालराव पुटपुटले. त्यांना स्वतःचाच राग आला होता, पण स्वतःवर ओरडायची सोय नसल्यामुळे ते पंजाबरावांवर ओरडले, "तुमी झाकण उघडं ठेवाले लावलं म्हणून!"

सगळ्या काड्या निघेपर्यंत एक वाजला. मशीन वाचलं होतं. पुन्हा लावायच्या आधी लाइन नीट आहे ना म्हणून देवानंदनं मीटर काढलं आणि भिंतीतल्या प्लगमध्ये त्याच्या तारा घातल्या. थोडा वेळ तो नुसता पाहत राहिला. शेजारच्या घरात कूलर लावल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या. मग समोरच्या.

"काका," देवानंद हळूच म्हणाला, "दोनशे तीस पायजे इथं. एकशे अठ्ठावन हाये."

"काय एकशे अठ्ठावन?"

"व्होल्टेज. गर्मीनं नाही बंद पडून राहिला हा. लाइनच पुरत नाही याले. हवा लावा, पाणी लावा, नाही तं बरफात ठेवा, सव्वा वाजता हा बंदच पडन."

छतावरचा पंखा किती हळू फिरतो आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं.

"पण रोज सव्वालाच काहून?" पंजाबरावांनी विचारलं.

"जेवणं होते, सगळी गल्ली आडवी होते, अन् सगळे कूलर एकाच टायमाले लागते. कोणाचे हाये बावा हे एवढाले कूलर? काय मोटरी घातल्या यायच्यात!"

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. गल्लीत एकोणीस घरं होती आणि एकोणीसही घरांत लाल अक्षरांत 'अढाऊ' लिहिलेला कूलर होता. गेले तीन उन्हाळे लोक खुशालरावांकडे तक्रार घेऊन येत होते की दुपारी कूलर मंद फिरतो. गेले तीन उन्हाळे खुशालराव सांगत होते, मोटर लहान पडते, मोठी टाकून घ्या. लोकांनी मोठ्या टाकल्या, कूलर आणखी मंद झाले, आणि खुशालरावांनी आणखी मोठ्या टाकल्या होत्या.

"यूपीएस?" आकांक्षानं विचारलं.

"वीस मिनिटं धरते. चार घंटे कोण धरन? अन् गल्लीची डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, मोठी बसवाचा अर्ज द्या तं पाणकाळा निघून जाईन."

खुशालराव आधी भडकले. "सगया गल्लीले एकाच टायमाले कूलर लावाची काय गरज हाये पण?"

"उनायातल्या दुपारी नाही तं कवा लावतीन?" मैनाबाई म्हणाल्या. "दिवाईले?"

खुशालरावांनी टोपी घातली. ज्यांच्या घरात गेली एकतीस वर्षं ते कूलर लावायला जात होते, त्यांच्याच घरी ते कूलर बंद करा म्हणून सांगायला निघाले. फिल्म शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू करायची, म्हणजे रविवारी रात्री होईल. रविवारी बारा ते पाच गल्लीत एकही कूलर लागता कामा नये.

पहिलंच दार इंदूबाईंचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "खुशालभाऊ, मागच्या महिन्यात तुमीच म्हटलं, दुपारचा कूलर बंद करू नका, गवत वायते. मोटर तुमी टाकाले लावली. आता तुमीच म्हणता बंद करा. रविवारच्या दिवशी! माहे जवाई येऊन राहिले परतवाड्याहून. त्यायले काय सुपानं वारा घालू?"

"एकच दिवस, वहिनी. नाही तं पोरगी पुण्याले जाते."

इंदूबाईंचा आवाज थोडा खाली आला. आकांक्षा त्यांच्या अंगणात रांगलेली. "एकच दिवस," त्यांनी बोट दाखवून बजावलं. अठरा दारांत अठरा वेळा असंच ऐकून घेऊन खुशालराव परत आले. त्यांचा घसा बसला होता, आणि एकतीस वर्षांची पुण्याई एका संध्याकाळी खर्ची पडली होती.

रविवारी बारा वाजता गल्लीतले कूलर एकेक करून थांबले. उन्हाळ्यात त्या गल्लीला स्वतःचा आवाज कधी ऐकू आला नव्हता. अर्ध्या तासात घरात बसवेना, तेव्हा लोक चटया घेऊन कडुलिंबाखाली आले. परतवाड्याचे जावई बनियनवर बसले होते. पंजाबराव दर अर्ध्या तासानं घरातून येऊन बातमी सांगत, "साठ टक्के!" लोक माना हलवत आणि खुशालरावांच्या घराकडे रागानं पाहत. सव्वा वाजला. कॉम्प्युटर चालू होता. दोन वाजले. चालू होता. अडीच वाजता पंजाबराव फरशीवर ओला पंचा टाकून त्यावर पडले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "भाऊजी, मानलं. अमरावती गरम हाये."

एरवी या वाक्यासाठी खुशालरावांनी गल्लीत पेढे वाटले असते. आता त्यांना ते ऐकूही आलं नाही. ते मागच्या खोलीत आकांक्षाशेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. पश्चिमेची खोली, वर टिन. आकांक्षा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पुढचं काम करत होती. मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा उठला होता. दर दोन मिनिटांनी ती मनगटानं कपाळ पुसे, म्हणजे थेंब बटणांवर पडू नये.

"बाबा, तुमी बाहेर बसा ना लिंबाखाली. मले सवय हाये."

"कशाची सवय?" त्यांनी विचारलं. तिनं टॉवेल उलटा करून पुन्हा डोक्यावर घेतला. खुशालरावांचा हात भरून आला तरी पुठ्ठा थांबला नाही. सगळ्या गावाला गार करणाऱ्या माणसाची लेक आपल्या डोळ्यांदेखत शिजते आहे, आणि तिला घरी ठेवण्यासाठीच शिजते आहे, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

सोमवारी सकाळी फिल्म पुण्याला पोचली. अकरा वाजता मॅडमचा फोन आला तेव्हा दारात इंदूबाई आणि आणखी चारपाच जण निकाल ऐकायला उभे होते. आकांक्षानं आवाज मोठा केला.

"आकांक्षा, सुंदर काम झालंय!" मोनाली मॅडम खुशीत होत्या. "आता तू पुण्याला यायची काहीच गरज नाही. तिथूनच कर. आणि ऐक, पुढची फिल्म याच्या तिप्पट आहे. महिनाअखेर दे."

दारातल्या लोकांनी बोटांवर हिशेब केला. तिप्पट म्हणजे चार दिवस, चार दुपारी. इंदूबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी खुशालरावांनी फोन उचलला होता.

"मॅडम, आकांक्षाचा बाप बोलून राहिलो. तुमच्या ऑफिसात एसी हाये म्हणत होत्या नं तुमी?"

"हो, आहे ना."

"मंग हे काय लावलं तुमी? तिथं गारव्यात खुर्च्या रिकाम्या ठेवता अन् माह्या पोरीले इथं टिनाखाली बसवता? चार-चार दिवस? मानेवर घामोया पाहा तिच्या! लेकरू हाये का कोण हाये? माणुसकी हाये का नाही तुमच्या पुण्यात?"

"अहो काका," मॅडम गोंधळल्या, "बुधवारी तुम्हीच म्हणालात, माझी मुलगी कुठेच येणार नाही."

"बुधवारी म्हटलं," खुशालराव म्हणाले, आणि त्यांचा बसलेला आवाज आणखी बसला. "बुधवारी मी तिले घाम पुसतानी पायलं नव्हतं." मग त्यांनी फोन खाली धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीला विचारलं, "जाशीन नं, बाई?"

आकांक्षानं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण ती हसत होती. "उनायापुरती जाईन," ती म्हणाली. "पाणी पडलं की येईन."

"ऐकलं?" खुशालराव फोनवर गरजले. "उद्याच्या गाडीत बसवून देतो. खुर्ची एसीसमोर पायजे!"

मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि माळ्यावरची बॅग काढायला कोणाची तरी शिडी पाहा म्हणाल्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत इंदूबाई आपल्या घरची शिडी घेऊन दारात हजर होत्या, आणि मागून तिचं दुसरं टोक परतवाड्याच्या जावयांनी धरलं होतं.